बिनमिठाचे अठरा दिवस

माझ्या आईने अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलं. गावातल्या निम्म्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या तिने स्वतःसमोर गिळायला लावल्या. गोळ्यांच्या बाबतीत अशा बाईशी खोटं बोलण्याआधी विचार करायला हवा होता. मी केला नाही. मी इंजिनियर आहे, मला वाटलं जमेल.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी आडून सांगत नाही, सरळ सांगते, कारण ते सोपं नव्हतं. सरकारी कॉलेज, शिष्यवृत्ती, डिस्टिंक्शन. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझा फ्लेक्स लागला होता. फोटोत माझे डोळे मिटलेले होते, पण फ्लेक्स मोठा होता. त्याच्या सहा वर्षं आधी, दहावीनंतर मला पुढे शिकवायचं की उजवून टाकायचं यावर घरात बैठक बसली होती. तेव्हा मोठे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीला जास्त शिकवू नका, डोकं फिरेल." आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "फिरलं तर मी बघीन." बैठक तिथेच संपली, कारण भाकरी तयार झाल्या होत्या.

डोकं फिरलं ते सिंगापूरला. मी हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत कामाला होते, कंटेनरची वेळापत्रकं लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर. एका आठवड्यात मी सगळे मिळून दहा तास झोपले असेन आणि मला अजिबात थकवा नव्हता. शुक्रवारी मी कंपनीच्या सगळ्यात वरच्या साहेबांना बेचाळीस पानांची मेल पाठवली: आशियातली सगळी जहाजं उलट दिशेने फिरवली तर काय फायदे होतील. त्यातले दोन मुद्दे बरोबर होते असं मला अजूनही वाटतं, पण आता विचारायची सोय नाही. नंतरचे तीन महिने मी अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून काढले. मधे काही दिवस दवाखान्यात होते. आईला सांगितलं, ऑफिसने कामासाठी मनिलाला पाठवलंय, तिथे नेटवर्क नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: बायपोलर. गोळी दिली: लिथियम. फोनच्या बॅटरीत असतं तेच, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो पुण्याचा, आयटीतला, त्याला बरं वाटेल म्हणून. त्याने रात्री आठचा अलार्म लावला, तो आजही वाजतो. गोळी लागू पडली. मी परत नोकरीला लागले, जहाजं ज्या दिशेने जातात त्याच दिशेने जाऊ दिली. आईला मात्र कधीच काही बोलले नाही. का, ते वर लिहिलंय. काकांचं म्हणणं खरं ठरलं, हे आईला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? माझ्यानंतर आमच्या गल्लीतल्या चार पोरी कॉलेजला गेल्या. त्यांच्या घरी माझं उदाहरण देतात.

तीन वर्षांनी दिवस गेले. चाचणीवर दोन रेघा दिसल्या आणि मी त्याच संध्याकाळी गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही. पोटातल्या जिवाला बॅटरीतलं काही द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं. अलार्म वाजला की मी पाणी प्यायचे आणि डबीतली गोळी बेसिनमध्ये सोडायचे. नऊ दिवस. दहाव्या दिवशी पहाटे नवरा उठला तेव्हा मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून उंचीप्रमाणे लावले होते आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे डबेही लावून द्यावेत या विचारात होते.

"गोळी घेतेयस ना?" त्याने विचारलं.

"डबे बघ ना आधी."

त्याने डबे बघितले नाहीत. टॅक्सी बोलावली.

माझी मानसोपचारतज्ज्ञ पन्नाशीची चिनी बाई आहे. ओरडत नाही. मला ओरडणाऱ्या डॉक्टरांची सवय, त्यामुळे तिच्यासमोर मला जास्त भीती वाटते. तिने नऊ दिवसांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गोळीचा बाळाला धोका आहे, पण तू समजतेस तेवढा नाही. गोळी थांबवण्याचाही धोका आहे. तो तू समजतेस त्याहून जास्त आहे. पुन्हा कधी असं वाटलं तर आधी मला फोन कर, मग बेसिन."

मी दोन्ही बाजू कागदावर रकाने पाडून लिहून मागितल्या. तिने लिहून दिल्या. नवरा आणि मी दोन दिवस तो कागद फ्रिजवर लावून येता-जाता वाचला. मग गोळी सुरू ठेवली. बाळाच्या हृदयाचं वेगळं स्कॅन करायचं ठरलं. रक्त आधी महिन्याने, शेवटी शेवटी दर आठवड्याला तपासायचं. गरोदरपणात मूत्रपिंडं जोरात काम करतात आणि लिथियम भराभर बाहेर टाकतात, त्यामुळे पोट वाढत गेलं तशी गोळीही वाढत गेली. बाळंत झालं की ती लगेच पुन्हा कमी करायची. रक्तातली पातळी खाली गेली तर मी डबे लावणार, वर गेली तर विषबाधा. मधली वाट अरुंद आहे. मी कंटेनरवाली आहे, मला अरुंद वाटा समजतात.

स्कॅनच्या दिवशी तंत्रज्ञ मुलगी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी आणि नवरा तिच्या भुवयांकडे बघत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "फोर चेंबर्स, ऑल गुड." पुंगोलमध्ये आम्ही भाड्याने राहतो तो फ्लॅट तीन खोल्यांचा आहे. बाळाकडे आमच्यापेक्षा एक खोली जास्त निघाली. मी हे बोलून दाखवलं. नवरा हसला आणि मग खुर्चीत बसून रडला, म्हणून तंत्रज्ञ मुलीने त्याला पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही.

आई नवव्या महिन्यात आली, व्हिजिट पासवर, आयुष्यातला पहिला विमानप्रवास करून. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी तिची नजर ओट्यावरच्या गोळ्यांच्या डबीवर गेली. सात कप्प्यांची डबी, वारांच्या नावांची.

"हे कशाचं गं?"

"प्रेशरच्या गोळ्या आहेत, आई."

नवऱ्याच्या हातातून चहाची गाळणी पडली. त्याला खोटं बोलता येत नाही, दुसऱ्याने बोललेलंही सहन होत नाही.

"कधीपासून प्रेशर?"

"सातव्या महिन्यापासून."

"आणि मला आता सांगती?" ती डबी हातात घेऊन वाजवून बघत म्हणाली. "बरं. मी आले आता. प्रेशरचं मला सांगू नको, प्रेशरच्या शंभर बायका मी बघितल्यात."

ते खरंच होतं. मला ते शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण मला तेव्हा फक्त विषय संपल्याचा आनंद झाला.

मुलगी झाली. बाळंतपण सुरू होताच गोळी थांबवली, दुसऱ्या दिवशी रक्त तपासून पूर्वीच्या मात्रेवर आणली, सगळं कागदाप्रमाणे. अंगावर पाजायचं नाही हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरलं होतं, कारण लिथियम दुधात उतरतं. शिवाय मला सलग झोप मिळणं औषधाइतकंच गरजेचं होतं. आईला हे पटवताना खोट्याला आणखी एक मजला चढवावा लागला.

"प्रेशरच्या बायका पाजतात की. आमच्याकडे सगळ्या पाजायच्या."

"इथल्या गोळ्या स्ट्राँग असतात, आई."

तिने डब्याच्या दुधाकडे असं बघितलं, जसं काही डब्यानेच माझं नाव खराब केलंय. पण बाटली उकळायला ठेवली.

आणि मग घरी आल्यापासून तिने माझी काळजी घ्यायला सुरुवात केली.

एक, मीठ बंद. प्रेशर म्हणजे मीठ बंद, हे तिने अठ्ठावीस वर्षं दारोदार सांगितलं होतं. डाळीत नाही, भाजीत नाही. शेपू, मेथी, लसूण, तूप भरपूर, चव शून्य. मग पाणी. बाळंतिणीने घटाघटा पाणी प्यायलं तर पोट सुटतं, म्हणून दिवसाला मोजके पेले, तेही ओव्याचं कोमट. आणि वारा. एसी बंद, पंखा बंद, खिडकी बंद, कानाला माझाच हिवाळी स्कार्फ, जो मी सिंगापूरला का आणला होता ते मला आठवत नाही. सकाळी तेल लावून कढत पाणी, दुपारी तव्यावर फडकं गरम करून शेक. बाहेर बत्तीस डिग्री. मी बसल्या जागी निथळत होते.

मला वाटलं होतं, शेजारी तरी बोलतील. कॉरिडॉरमध्ये पलीकडच्या दारात एक चिनी आंटी राहते, सत्तरीची. तिने एक दिवस उघड्या दारातून माझा स्कार्फ बघितला आणि आत आली. मी हात जोडणारच होते. आंटी आईकडे वळून म्हणाली, "गुड! नो विंड. नो कोल्ड वॉटर." मग चिमटीने मीठ टाकल्यासारखं करून बोट हलवलं: "सॉल्ट, नो."

आईला इंग्रजी येत नाही. सगळं समजलं.

"बघ," ती मला म्हणाली, "तिलाही कळतं."

दुसऱ्या दिवसापासून आंटी लाल खजुरांचा काढा आणून द्यायला लागली, आई तिला डिंकाचा लाडू द्यायला लागली. दोघी दारात उभ्या राहून आपापल्या भाषेत तासभर बोलायच्या. दोन देशांच्या म्हाताऱ्या एकत्र आल्यावर मी कुठे दाद मागणार?

मला बोलता आलं असतं. "आई, थोडं मीठ घाल" एवढंच म्हणायचं होतं. पण मग ती म्हणाली असती, प्रेशर आहे ना तुला? आणि तिथून पुढे एकच दार उघडत होतं. म्हणून मी अळणी डाळ ओरपत राहिले. पहिल्या आठवड्याच्या तपासणीत पातळी जरा वर दिसली. नर्स इथल्या पद्धतीने वाक्याला लाडाचं 'लाह' लावून म्हणाली, "ड्रिंक मोर वॉटर, लाह, सो हॉट." मी हो म्हणाले आणि त्या दिवसापासून बाथरूममध्ये नळाखाली ओंजळ धरून चोरून पाणी प्यायला लागले. डिस्टिंक्शन मिळवलेली बाई.

सतरा-अठरा दिवस झाले असतील. सकाळी बाटलीत पावडर घालताना माझा हात एवढा थरथरला की पावडर ओट्यावर सांडली. पुन्हा मोजली, पुन्हा सांडली. आदल्या दिवसापासून पोटही बिघडलं होतं, ते मी मेथीवर ढकललं होतं. चालताना फेरीबोटीत उभं असल्यासारखं वाटत होतं. मुलगी रडत होती म्हणून तिला उचलायला वाकले आणि पाळण्याच्या कडेवर हात टेकून तशीच थांबले. उचलली असती तर पडली असती. ती किंवा मी, किंवा दोघी.

"आई, हिला घे."

"कामून? काय झालं?"

"घे तू आधी."

माझा आवाज जड, बोबडा आला. तो तिनेही ऐकला. मी क्लिनिकला फोन केला. नर्सने दोन प्रश्न विचारले आणि लाह न लावता सांगितलं, पुढची गोळी घ्यायची नाही, आत्ता निघायचं. नवरा पाया लेबार भागातल्या ऑफिसात होता, तो तिकडून थेट येणार होता. मी, आई आणि दुपट्यात गुंडाळलेली मुलगी टॅक्सीने निघालो. टॅक्सीत एसी होता. आईने माझे कान झाकले.

रक्त घेतलं. तासाभरात डॉक्टरांनी आत बोलावलं. कागद तिच्यासमोर होता. नवरा अजून पोचला नव्हता, त्यामुळे खोलीत आम्ही चौघी: डॉक्टर, मी, आई, आणि झोपलेली मुलगी.

"पातळी फार वर आहे," डॉक्टर म्हणाली. "नवीन औषध काही? वेदनाशामक?"

"नाही."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी आईकडे बघितलं. डॉक्टरनेही बघितलं.

"त्यांना विचार, जेवणात मीठ किती घालतात."

आता मला माझ्याच खोट्याची दुभाषी व्हायचं होतं. मी विचारलं. आई ताठ बसली. डॉक्टरसमोर उत्तर द्यायची तिची जुनी सवय जागी झाली, तालुक्याच्या मीटिंगला बसायची तशी.

"मीठ? कणभरही नाही. डॉक्टरीणबाईंना सांग, प्रेशरची बाळंतीण घरी आणली त्या दिवसापासून मी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय."

"काय म्हणतायत?"

"मीठ अजिबात नाही म्हणतेय. ब्लड प्रेशरमुळे."

"तुला ब्लड प्रेशर नाही."

"नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "पाणी?" तिने विचारलं. मी पेल्यांचा आकडा सांगितला. "घाम?" मी स्कार्फ सोडून टेबलावर ठेवला. तो ओला होता.

"त्यांना तुझा आजार माहीत आहे?"

आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "काय म्हणतीये ती? माझ्या हाताने काही चुकलं का?"

मी बरेच दिवस या वाक्याची तयारी केली होती. मनातल्या मनात, चांगल्या मराठीत. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"तुझं नाही चुकलं," मी म्हणाले. जीभ जड होती, त्यामुळे हळू बोलावं लागत होतं. "मला प्रेशर नाही, आई. चार वर्षांपूर्वी माझं डोकं फिरलं होतं. दवाखान्यात होते. मनिलाला गेलेच नव्हते. ही गोळी डोक्याची आहे. ही एका प्रकारच्या मिठासारखीच असते. अंगाला साधं मीठ मिळालं नाही, पाणी मिळालं नाही, की अंग हिला धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. मग तिचंच विष होतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरकडे. मग मांडीवरच्या मुलीकडे.

"अठरा दिवस," ती म्हणाली, "अठरा दिवस अळणी गिळलं, आणि एक शब्द बोलली नाहीस?"

"हो."

"आणि म्हणे शिकलेली."

डॉक्टरने भाषांतर मागितलं. मी म्हणाले, शी अंडरस्टँड्स.

मला भरती करून सलाईन लावलं. आईने बाटलीवर बोट ठेवून विचारलं, "ह्यात काय असतं?"

"मीठपाणी."

तिच्या स्वयंपाकाचा असा जाहीर अपमान याआधी कुणी केला नव्हता. नवरा धावत आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, जावईबापू?" तो हो म्हणाला. "आणि गाळणी तेव्हाच पडली होती. मला वाटलं, माणूस धांदरट आहे." तिने मुलगी त्याच्या हातात दिली आणि माझ्या पायथ्याशी बसली.

दोन दिवसांत पातळी उतरली, हाताची थरथर गेली. डॉक्टरांनी गोळी कमी मात्रेवर पुन्हा सुरू केली आणि आईला, माझ्यामार्फत, सांगितलं: मीठ जास्तही नको, कमीही नको, रोज सारखं. पाणी तहान लागेल तेवढं. आईने "रोज सारखं" हे दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं.

घरी आल्यावर पहिली डाळ तिने वाढली आणि समोर बसली. मी एक घास खाल्ला. मीठ होतं. मी जेवत असताना ती म्हणाली, "तुझा काका बोलला होता, म्हणून सांगितलं नाहीस ना?"

"हो."

"त्याचं काय, त्याचं न शिकताच फिरलेलं आहे." ती भाकरी मोडत होती. "पण मी काय म्हणले होते? ते ध्यानात नाही राहिलं? फिरलं तर मी बघीन म्हणले होते. मग बघू द्यायचं का नाही मला?"

मी डाळ आणखी मागितली.

रात्री आठला अलार्म वाजला. मी डबी उघडायच्या आधी आई तिथे उभी होती, पाण्याचा पूर्ण भरलेला पेला घेऊन. मी गोळी घेतली, पाणी प्यायले, वळले.

"थांब. तोंड उघड."

"आई, मी बत्तीस वर्षांची आहे."

"अंगणवाडीत यायच्या त्याही बत्तीसच्याच असायच्या. गोळी गिळली म्हणून सांगायच्या आणि मागच्या दारी थुंकायच्या. तोंड उघड. जीभ वर कर."

मला ते नऊ दिवस आठवले आणि बेसिन आठवलं. ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मी जीभ वर केली.

काही दिवसांनी ती आमच्या मावशीशी फोनवर बोलत होती, नेहमीच्या मोठ्या आवाजात. मी आतल्या खोलीत मुलीला झोपवत होते. "नाही, प्रेशर नाही गं. डोक्याचा आजार आहे तिला. गोळी चालू आहे. हो, इंजिनियरच आहे. मग? दोन्ही आहे." पलीकडून मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. आई म्हणाली, "सांग की. सगळ्यांना सांग. नाहीतर मी आल्यावर सांगते." मी पाळणा हलवायचं थांबवलं होतं. मग पुन्हा हलवायला लागले.

तिचा पास संपला तेव्हा चांगी विमानतळावर तिने सामान तोलायच्या रांगेत नवऱ्याला शिकवून ठेवलं. "नुसतं 'घेतली का' असं विचारायचं नाही. बघायचं." नवऱ्याने त्या रात्री मला फारच अदबीने सांगितलं, "जीभ वर घेतेस का, प्लीज?" हे काम पुण्याच्या माणसाचं नाही. तीन दिवसांत त्याने राजीनामा दिला.

म्हणून आता रोज आठला व्हिडिओ कॉल येतो. गावाकडे साडेपाच वाजलेले असतात, आई ओसरीवर बसलेली असते, मागून कुणी ना कुणी डोकावून जातं आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मी गोळी घेते आणि फोनसमोर तोंड उघडते. मुलगी पाच महिन्यांची झालीय, माझ्या मांडीवर असते. माझं बघून तीही तोंड उघडते.

"हिचं दिसतंय नीट," आई म्हणते. "तुझं दिसत नाही. उजेडात ये."